कॉलेज अर्धवट सोडून एनबीएकडे वळावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये एकच विषय चालतो: ड्राफ्टला, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीला, नाव कोण देणार आणि आणखी एक वर्ष कोण थांबणार. मी अनेक वर्षे इंडियानात राहत असल्यामुळे हे प्रश्न शेजारच्या पालकांकडूनही ऐकतो आणि मुंबई-नागपूरहून फोन करणाऱ्या भाचे-पुतण्यांकडूनही. त्यांतील नेहमीचे प्रश्न आणि त्यांना मी देत असलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. माझे मत आधीच सांगतो. हा प्रश्न ‘पदवी की पैसा’ असा मांडला की उत्तर हमखास चुकते. हमीचा करार खरोखर दृष्टिपथात आहे का, आणि तो मिळाल्यावर मुलगा मैदानात उतरेल की बाकावर बसेल, या दोन गोष्टींवर निर्णय व्हायला हवा.

कॉलेजमध्ये किमान किती वर्षे काढावी लागतात?

कॉलेजचे असे बंधन नियमात नाही, बंधन वयाचे आहे. ज्या वर्षी ड्राफ्ट होतो त्या वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि अमेरिकेतील खेळाडूच्या बाबतीत त्याच्या बरोबरीची मुले शाळेतून बाहेर पडल्यानंतर एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा लागतो. ही अट लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २००५ च्या सामूहिक करारात आली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली. त्यापूर्वी केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले होते. त्याआधीच्या काळात तर वर्गमित्रांची चार वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सक्ती होती. स्पेन्सर हेवूड हा खेळाडू त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ च्या निकालानंतर ती सक्ती मोडीत निघाली. मधले एक वर्ष परदेशी लीगमध्ये काढले तरी चालते. ब्रँडन जेनिंग्जने ते इटलीत काढले आणि लामेलो बॉलने ऑस्ट्रेलियात. तरीही बहुतेक मुले ते वर्ष कॉलेजमध्येच काढतात.

ड्राफ्टला नाव दिले म्हणजे कॉलेज सुटले का?

नाही, आणि हा गैरसमज अनेक घरांत विनाकारण भीती निर्माण करतो. एप्रिलच्या अखेरीस नाव द्यायचे, मे महिन्यात संघांसमोर चाचण्या द्यायच्या, निमंत्रण आले तर शिकागोच्या कंबाइनला (एनबीएच्या सामाईक चाचणी शिबिराला) जायचे, आणि कंबाइन संपल्यावर दहा दिवसांच्या आत नाव मागे घेतले तर कॉलेजकडून खेळण्याची पात्रता शाबूत राहते. २०२५ मध्ये नाव देण्याची मुदत २६ एप्रिल, कॉलेजच्या दृष्टीने माघार घेण्याची मुदत २८ मे आणि एनबीएची माघारीची मुदत १५ जून होती. या शेवटच्या दोन तारखांमधील फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण २८ मेनंतर माघार घेणाऱ्याला एनबीए पुढच्या ड्राफ्टसाठी मोकळे ठेवते, परंतु कॉलेजमध्ये परतण्याचा हक्क नियमाप्रमाणे तेव्हाच गेलेला असतो. पात्रतेवरून अलीकडे कोर्टकचेऱ्या बऱ्याच होत आहेत. मात्र न्यायाधीश आपल्याच बाजूने निकाल देतील अशा आशेवर कोणी मुदत टाळू नये.

त्याच काळात खेळाडूला एनबीएच्या सल्लागार समितीकडून लेखी अंदाज मागवता येतो. मित्र, नातेवाईक आणि समाजमाध्यमांवरील निवडीच्या अंदाजांची कोष्टके यांच्यापेक्षा त्या कागदाला अधिक वजन द्यावे, कारण तो निवड करणाऱ्या संघांच्या मतांवर आधारलेला असतो.

पहिल्या फेरीत निवड होण्याची चिन्हे असतील तर?

सामान्यतः जावे. पहिल्या फेरीत तीस खेळाडू निवडले जातात आणि त्यांच्या कराराची पहिली दोन वर्षे हमीची असतात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती राहतो. पगाराचे कोष्टक ठरलेले असते. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या निवडीला पहिल्याच वर्षी १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक, तर तिसाव्याला सुमारे २५ लाख डॉलर मिळाले. तिसावा क्रमांक लागला तरी दोन वर्षांत कुटुंबाचे कर्ज फिटते आणि आई-वडिलांना घर घेता येते. ज्या घरात आजवर महिन्याच्या हप्त्याची चिंता होती, त्या घराला ‘आधी शिक्षण पूर्ण करा’ असे दुरून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते.

एक बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिसऱ्या वर्षाचा करार चालू ठेवायचा की नाही, हे संघाला दुसरा हंगाम सुरू होताना, ऑक्टोबरअखेर ठरवावे लागते. म्हणजे हमी दोन वर्षांची असली तरी स्वतःला सिद्ध करण्यासाठी खेळाडूच्या हाती प्रत्यक्षात एकच हंगाम असतो. एकोणीस वर्षांचा कच्चा मुलगा त्या हंगामात ४० सामने बाकावर बसला, तर त्याच्याविषयीचे मत तेथेच पक्के होते.

अंदाज दुसऱ्या फेरीचा असेल तर?

खरी कसोटी येथेच आहे. दुसऱ्या फेरीतील निवडीला ठरलेले कोष्टक नाही आणि हमीही नाही. काहींना तीन-चार वर्षांचा चांगला करार मिळतो, काहींना २०१७ पासून सुरू झालेला ‘टू-वे’ करार (एनबीए आणि तिची दुय्यम जी-लीग अशा दोन्हींत खेळण्याचा) मिळतो, आणि काहींना केवळ सराव शिबिराचे बोलावणे येते. २०२४-२५ च्या हंगामात टू-वे करार ५,७८,५७७ डॉलरचा होता आणि त्यावरील खेळाडू एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी संघात राहू शकत होता. टू-वेदेखील न मिळता जी-लीगमध्ये गेलेल्या खेळाडूला त्या हंगामात सुमारे ४३ हजार डॉलर मिळत होते. त्यात पहाटेची विमाने आणि हॉटेलच्या खोल्या आल्या, शिवाय पुढच्या आठवड्यात आपण संघात असू की नाही, ही टांगती तलवार.

आमच्या शेजारच्या घरातील एक मुलगा कॉलेजची दोन वर्षे संपवून अशाच अंदाजावर ड्राफ्टमध्ये नाव कायम ठेवून होता. तेव्हा दोन्ही फेऱ्या एकाच रात्री होत असत. आम्ही दहा-बारा जण त्यांच्या दिवाणखान्यात बसलो होतो. त्याच्या आईने केक आणून ठेवला होता आणि त्यावर संघाचे नाव घालण्यासाठी मधोमध जागा मोकळी सोडली होती. निळ्या-पांढऱ्या सजावटीची पिशवी शेजारी तयार होती. चाळिसाव्या क्रमांकानंतर बोलणे कमी होत गेले. पन्नाशीनंतर त्याच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग पुन्हा वाढवला. शेवटचे नाव पुकारले गेले आणि काही मिनिटांत एजंटचा फोन आला, पण तो समर लीगच्या, म्हणजे उन्हाळी चाचणी सामन्यांच्या, निमंत्रणाचा होता. केक दुसऱ्या दिवशी तसाच कापला गेला. तो मुलगा वर्षभर जी-लीगमध्ये खेळला आणि नंतर युरोपमध्ये गेला. आज तो चांगले कमावतो आणि समाधानी आहे. तरीही त्या उन्हाळ्यात ज्या गोष्टीने त्याला सर्वाधिक छळले ती निवड न होणे ही नव्हती. मेच्या अखेरीस त्याच्या हाती परतीचा रस्ता होता आणि तो त्याने स्वतःहून बंद केला होता, ही ती गोष्ट.

म्हणून दुसऱ्या फेरीचा अंदाज असेल तर माझा सल्ला असा: एखाद्या संघाने एजंटला ठराविक मुदतीच्या हमीच्या कराराचा स्पष्ट शब्द दिला असेल तरच नाव ठेवावे. ‘तुमच्या मुलात आम्हाला रस आहे’ हे वाक्य प्रत्येक संघ पन्नास मुलांच्या पालकांना ऐकवतो.

याला अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. जेलन ब्रन्सन २०१८ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठ एक वर्ष आधी सोडून गेला आणि ३३ व्या क्रमांकावर निवडला गेला. आज तो लीगमधील अव्वल खेळाडूंत गणला जातो. परंतु त्याने तीन वर्षांतच पदवी पूर्ण केली होती आणि दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती, म्हणजे तो ‘लवकर’ निघाला तरी अपुरा निघालेला नव्हता.

एक वर्ष थांबले तर बिघडते काय?

काहींचे बिघडते. संघ वय पाहतात. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या त्रुटी ‘अजून शिकेल’ म्हणून माफ होतात आणि त्याच त्रुटी एकविसाव्या वर्षी ‘याची मर्यादा हीच’ म्हणून वहीत नोंदल्या जातात. शिवाय खरा मोठा पैसा पहिल्या करारात नसून दुसऱ्या करारात असतो. लीगमधील सेवा सहा वर्षांपर्यंत असलेल्या खेळाडूला संघाच्या वेतनमर्यादेच्या साधारण २५ टक्क्यांपर्यंत, सात ते नऊ वर्षांच्या खेळाडूला ३० टक्क्यांपर्यंत आणि दहा वर्षांनंतर ३५ टक्क्यांपर्यंत वेतन मिळू शकते. जो एक वर्ष आधी आत जातो, तो या प्रत्येक पायरीवर एक वर्ष आधी पोहोचतो. अर्थात हे गणित त्या मोजक्या खेळाडूंचे आहे ज्यांना दुसरा करार मिळतो.

थांबल्यामुळे घसरल्याची उदाहरणेही आहेत. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ मध्ये वरच्या निवडींत गणला जात होता. तो आणखी एक वर्ष थांबला, पाठीच्या दुखण्याचा अहवाल संघांपर्यंत गेला आणि २०१२ मध्ये तो २१ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आयव्हन रॅब २०१६ मध्ये पहिल्या फेरीचा उमेदवार मानला जात होता. तो परतला आणि २०१७ मध्ये ३५ वा निवडला गेला.

उलट बाजूला झॅक ईडी आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या या सव्वासात फुटांहून उंच केंद्रपटूने २०२३ मध्ये देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान मिळवूनही ड्राफ्टमधून नाव मागे घेतले, कारण तेव्हा त्याचा अंदाज पहिल्या फेरीबाहेरचा वर्तवला जात होता. पुढच्या वर्षी त्याने संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले, तोच मान पुन्हा मिळवला आणि २०२४ मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. मी येथे इंडियानात ते वर्ष जवळून पाहिले. त्याच्या पायांतील चपळाईत पडलेला फरक नोव्हेंबरपासूनच डोळ्यांना दिसत होता. थांबण्याचा उपयोग असा होतो: नुसते वर्ष सरत नाही, आपल्यातील नेमकी उणीव भरून निघते.

दुखापत झाली तर?

ही भीती रास्त आहे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात झायन विल्यमसनचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. संपूर्ण देशाला क्षणभर धसका बसला. तो सावरला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मायकेल पोर्टर ज्युनियर मिसुरी विद्यापीठात पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे जेमतेम तीन सामने खेळला आणि २०१८ मध्ये चौदाव्या क्रमांकावर गेला. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना अपंगत्वाचा आणि संभाव्य कमाईतील घटीचा विमा मिळू शकतो. तो घ्यावा, पण भरपाईच्या अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. केवळ भीतीपोटी मात्र निघू नये, कारण दुखापत व्यावसायिक मैदानातही होते आणि हमीच्या कराराविना झालेली दुखापत अधिक महाग पडते.

आता कॉलेजमध्येच पैसे मिळतात, त्याने काय बदलले?

जवळपास सगळेच. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या वापराचे पैसे घेता येतात, ज्याला येथे सर्रास ‘एनआयएल’ म्हणतात. त्यानंतर जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठेवली गेली.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२१ मध्ये ३५३ खेळाडूंनी आपोआप पात्र ठरण्याआधीच ड्राफ्टला नाव दिले होते, २०२५ मध्ये फक्त १०६ जणांनी. (२०२१ चा आकडा महामारीमुळे कॉलेज खेळाडूंना मिळालेल्या जादा वर्षानेही फुगला होता, हे मान्य करायला हवे.) पूर्वी दुसऱ्या फेरीचा खेळाडू ‘निदान काही तरी हाती लागेल’ म्हणून निघत असे. आज नामवंत संघातील चांगल्या खेळाडूला कॉलेजमध्ये राहून टू-वे करारापेक्षा जास्त मिळू शकते. यॅक्सेल लेंडबोर्गने २०२५ मध्ये पहिल्या फेरीच्या सीमेवर नाव असताना ड्राफ्टमधून माघार घेतली आणि मिशिगन विद्यापीठाकडून खेळणे पसंत केले. दहा वर्षांपूर्वी असा निर्णय वेडेपणाचा ठरला असता.

सावधगिरी एकच: कॉलेजचा करारही करारच आहे. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास पैसे परत करावे लागतील का, दुखापत झाली तर देणे थांबते का आणि कर कोण भरणार, हे सही करण्याआधी विचारावे.

पदवीचे काय?

पदवीला परतता येते, पात्रतेला नाही. मायकेल जॉर्डनने १९८४ मध्ये तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडले आणि १९८६ मध्ये पदवी पूर्ण केली. स्टेफन करीने २००९ मध्ये डेव्हिडसन सोडले आणि २०२२ मध्ये पदवी घेतली. व्हिन्स कार्टर तर २० मे २००१ रोजी सकाळी पदवीदान समारंभाला हजर राहिला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध निर्णायक सातवा सामना खेळला. त्याचा शेवटचा फटका चुकला म्हणून त्याच्यावर झालेली टीका मला आजही अन्याय्य वाटते. टिम डंकनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आईचे तो चौदा वर्षांचा होण्याआधी निधन झाले. तिला दिलेल्या शब्दाखातर तो वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षे राहिला आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

ही सगळी मोठी नावे आहेत आणि त्यांच्या हाती वेळ व पैसा होता. सामान्य खेळाडूने निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: किती श्रेयांक (क्रेडिट) उरले आहेत, आणि परतल्यावर उरलेल्या शिक्षणाचा खर्च विद्यापीठ उचलेल का.

मुलगा तयार आहे हे ओळखायचे कसे?

गुणांच्या सरासरीवरून नव्हे. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा आणि एनबीएचा ४८ मिनिटांचा असतो. कॉलेजच्या हंगामात तीस-पस्तीस सामने होतात आणि एनबीएत ८२. कॉलेजमधील तीन गुणांची रेषा सुमारे २२ फुटांवर आहे आणि एनबीएची कमानीच्या माथ्यावर २३ फूट ९ इंचांवर. दीड फुटाहून थोडा अधिक असलेला हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण सामन्याच्या शेवटी थकलेल्या पायांनी तेवढ्या अंतरावरून चेंडू फेकला की तो कडीच्या पुढच्या काठावर आदळून परत येतो. सरावाच्या अखेरच्या दहा मिनिटांत बाजूला उभे राहून मुलाचे फटके पाहावेत. चेंडू सातत्याने आखूड पडत असतील, तर पायांत अजून ती ताकद आलेली नाही.

दुसरी खूण बचावाची. नव्या खेळाडूला प्रशिक्षक मैदानात ठेवतो तो बहुधा बचावाच्या भरवशावर, कारण गुण मिळवणारे त्याच्याकडे आधीच असतात. आणि तिसरी, जिच्याकडे घरातली माणसेच पाहू शकतात: कोणी न उठवता मुलगा वेळेवर उठतो का, स्वतःचे जेवण, झोप आणि पैसे सांभाळतो का. कॉलेजमध्ये हे सगळे सांभाळणारी माणसे असतात.

भारतीय पारपत्रावर, विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या खेळाडूने काय पाहावे?

एफ-१ व्हिसावर अमेरिकेत काम करून कमाई करण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे एनआयएलचा मार्ग त्यांच्यासाठी बराच अरुंद आहे. वर उल्लेखिलेला झॅक ईडी कॅनडाचा असल्याने त्यालाही ही अडचण आली होती. म्हणजे ‘थांबलो तरी कमावतोच आहे’ हे गणित आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू होत नाही. कोणताही करार करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटावे. व्हिसा बिघडला तर खेळ आणि शिक्षण दोन्ही एकदमच जातात.

भारतीय वंशाच्या कोणा खेळाडूने हा निर्णय घेतला आहे का?

घेतला आहे, आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. पंजाबी कुटुंबात जन्मलेला, कॅनडात वाढलेला सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात दोन हंगाम खेळून २०१४ मध्ये ड्राफ्टला उतरला. निवडल्या गेलेल्या साठ नावांत त्याचे नाव नव्हते. त्याच्या हाती कॉलेजची आणखी दोन वर्षे होती. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे मालक आहेत त्या सॅक्रामेंटो किंग्जने त्याला संधी दिली आणि एप्रिल २०१५ मध्ये तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. पण दहा दिवसांच्या त्या करारात तो तीनच सामने खेळला आणि पुढची बरीचशी कारकीर्द त्याला आशियात करावी लागली. त्याच वर्षी सतनामसिंग भामरा कॉलेजला न जाताच ड्राफ्टला उतरला. डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, परंतु त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. दोघांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. तरीही भुल्लरने आणखी दोन वर्षे पायांची चपळाई कमावली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

मुलींच्या बाबतीत उत्तर तेच का?

नाही. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी अमेरिकेतील खेळाडूला त्या वर्षात २२ वर्षे पूर्ण व्हावी लागतात किंवा पदवी हाती असावी लागते, म्हणून तेथे ‘एक वर्ष खेळून निघणे’ हा पर्यायच नाही. शिवाय २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. तिची जाहिरातींची कमाई कॉलेजमध्ये असतानाच त्याच्या कितीतरी पट होती.

एजंट केव्हा नेमावा आणि शेवटचा शब्द कोणाचा?

२०१८ नंतरच्या नियमांनुसार खेळाडू ड्राफ्टची चाचपणी करताना मान्यताप्राप्त एजंटची मदत घेऊन परतही येऊ शकतो, मात्र परतताना ते संबंध संपवावे लागतात. एजंटची यादी कॉलेजच्या नियमपालन कार्यालयात मिळते. प्रशिक्षकाला मुलगा राहावा असे वाटते आणि एजंटला तो निघावा असे वाटते. दोघेही प्रामाणिक असू शकतात, परंतु दोघांचेही हित त्या निर्णयात गुंतलेले असते. म्हणून ज्याला यातून एक पैसाही मिळणार नाही, अशा एका जाणत्या माणसाला चर्चेत बसवावे.

शेवटचा शब्द मुलाचा. आई-वडिलांनी समितीचा अंदाज, एजंटने आणलेली लेखी बोलणी आणि उरलेल्या श्रेयांकांचा कागद त्याच्यासमोर टेबलावर ठेवावा, माघारीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि त्या तारखेच्या किमान दोन दिवस आधी त्याच्याकडून उत्तर घ्यावे.